परदेशचा पाहुणा आणि गावातील सेवामंडळ

कोणत्याही देशाची ओळख करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग राजरस्त्याचा आहे. त्या मार्गाने जाणारा प्रवासी हॉटेलात उतरतो, मार्गदर्शकाने दाखविलेली स्थळे पाहतो, वस्तुसंग्रहालयांतून फिरतो आणि छायाचित्रे घेऊन परततो. दुसरा मार्ग घराच्या उंबरठ्यावरून जातो. या मार्गाने जाणाऱ्याला ताजमहाल कदाचित पाहावयास मिळणार नाही. परंतु नळाला पाणी किती वाजता येते, घरातील वृद्धांना औषध कोण देते, मुलाच्या परीक्षेची काळजी साऱ्या घरावर कशी पसरते, हे त्याला दिसते. पहिल्या मार्गाने देश पाहता येतो, दुसऱ्या मार्गाने तो थोडाफार समजतो.

या दुसऱ्या मार्गाची आखणी सरकारांनी फारशी केली नाही. ती मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी केली. आणि भारतातील लहानमोठ्या शहरांत हे काम प्रामुख्याने ज्यांनी केले, त्यांत रोटरी क्लबसारखी सेवामंडळे अग्रभागी आहेत. परदेशी पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घेण्याची ही पद्धत कशी निर्माण झाली, ती कशी चालते, तिच्यातून काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घर हेच विद्यालय

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह एक छोटी बैठक घेतली. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या व्यावसायिकांना परस्परांची सोबत मिळावी, एवढाच प्रारंभी तिचा हेतू होता. बैठका आळीपाळीने सभासदांच्या कार्यालयांत भरत. या फिरत्या क्रमावरूनच संस्थेला ‘रोटरी’ हे नाव मिळाले. म्हणजेच आज जो यजमान, तो उद्याचा पाहुणा, हे तत्त्व या संस्थेच्या नावातच अंतर्भूत आहे. भारतात तिचे पाऊल लवकरच पडले. १९१९ मध्ये कलकत्त्यात क्लब स्थापन झाला आणि १९२९ मध्ये मुंबईत. १९६२-६३ या वर्षासाठी कलकत्त्याचे नितीशचंद्र लाहरी जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत.

पाहुण्याने हॉटेलात न राहता कुटुंबात राहावे, ही कल्पना मात्र एकट्या रोटरीची नव्हे. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थाने निरनिराळ्या देशांतील तरुणांना स्वित्झर्लंडमधील एका शिबिरात एकत्र आणले. एकत्र आणलेली मुले एकत्र येतातच असे नाही, हे शिबिरांच्या पद्धतीत लवकरच ध्यानात येते. समान भाषेची मुले आपापला घोळका करून बसतात. पुढे वॉट यांच्या उपक्रमाने कुटुंबातील निवासावर भर दिला आणि तोच त्याचा प्राण ठरला. दोन्ही महायुद्धांत जखमींची वाहने चालविणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या संघटनेने १९४७ मध्ये विद्यार्थी-विनिमयास आरंभ केला. ज्यांनी युद्ध जवळून पाहिले होते, त्यांनाच परक्या घरातील मुलाला आपल्या घरी जेवू घालण्याचे महत्त्व प्रथम पटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

रोटरीच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांच्या विनिमयाची सुरुवात फ्रान्समधील नीस येथील क्लबने १९२७ मध्ये केली, असे मानले जाते. १९४७ मध्ये पॉल हॅरिस यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मृत्यर्थ आलेल्या देणग्यांमुळे रोटरी प्रतिष्ठानचे कार्य वाढले आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९६५ मध्ये ‘गट अभ्यास विनिमय’ हा कार्यक्रम आरंभण्यात आला. तो २०१३ पर्यंत चालला आणि जगभरातील पन्नास हजारांहून अधिक व्यक्तींनी त्यात भाग घेतला. भारतातील शेकडो गावांना परदेशी पाहुण्यांचा सहवास घडला तो प्रामुख्याने याच कार्यक्रमामुळे.

विनिमयाची रचना

या कार्यक्रमाची रचना साधी, परंतु विचारपूर्वक केलेली होती. दोन देशांतील रोटरी प्रांतांची जोडी लावली जाई. एका प्रांताने आपले पथक पाठवावयाचे आणि दुसऱ्याने त्याचे स्वागत करावयाचे. नंतर हाच क्रम उलट व्हावयाचा. पथकाचा प्रमुख अनुभवी रोटरी सभासद असे. उरलेले सदस्य, नंतरच्या काळात बहुधा चार, हे मात्र रोटरीचे सभासद नसत आणि सभासदांचे नातलगही नसत. शिक्षक, परिचारिका, अभियंता, पत्रकार, शेतीतज्ज्ञ अशा व्यवसायांतील ते तरुण असत. प्रवासखर्च प्रतिष्ठान करी. निवास, भोजन आणि प्रांतांतर्गत प्रवास ही यजमानांची जबाबदारी असे. चार ते सहा आठवडे पथक गावोगाव फिरे आणि दर काही दिवसांनी नव्या घरी मुक्कामाला जाई.

सभासदांच्या नातलगांना वगळण्याच्या नियमामागे उघड कारण होते. हा प्रवास श्रीमंतांच्या मुलांची सहल होऊ नये, यासाठी तो बांध घातलेला होता. पाहुण्याने आपल्या व्यवसायातील माणसे भेटून त्यांचे काम पाहावे, ही अटही तितकीच महत्त्वाची होती. जर्मनीतील शिक्षिका भारतातील नगरपालिकेच्या शाळेत दिवसभर बसली, एका वर्गात किती मुले बसतात, फळ्यावरचे शेवटच्या बाकावर दिसते का, दुपारच्या खाण्याच्या सुटीत कोण उपाशी राहते, हे तिने पाहिले, तर तिला जे कळेल ते दहा स्वागतसमारंभांत कळणार नाही. तिच्याशी बोलणाऱ्या येथील शिक्षकालाही आपल्या कामाकडे दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची संधी मिळते. स्वव्यवसायाची भाषा ही दोन परक्या माणसांमधील सर्वांत विश्वासू दुभाषी असते.

विद्यार्थ्यांच्या विनिमयाची पद्धत निराळी आहे. दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमात साधारणतः १५ ते १९ वर्षे वयाचा विद्यार्थी जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष परदेशात राहतो आणि त्या काळात एकापेक्षा अधिक कुटुंबांत त्याचा निवास होतो. यजमान कुटुंबाला त्यासाठी मोबदला मिळत नाही. त्याला मद्य, मादक द्रव्ये, वाहन चालविणे आणि प्रेमप्रकरणे या चार गोष्टी वर्ज्य असतात. यजमान कुटुंबाबाहेरील एक सल्लागार नेमलेला असतो. घरात काही अडचण आली तर ती घराबाहेरच्या कोणाला तरी सांगता यावी, हा त्यामागील हेतू होय. यजमान कुटुंबांची पूर्वचौकशीही केली जाते. सद्भावनेवर चालणाऱ्या कामातही नियम लागतात, किंबहुना अशाच कामात ते अधिक लागतात. कारण येथे एक अल्पवयीन मूल संपूर्णपणे दुसऱ्यांच्या भरवशावर असते.

राज्याचाही एक नियम येथे नमूद करावयास हवा. भारतात परदेशी नागरिकाला मुक्कामास ठेवणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते. ज्या घरात आतापर्यंत मामा-काकांखेरीज पाहुणा आला नव्हता, त्या घराला या निमित्ताने प्रथमच उमगते की, आपल्या दिवाणखान्यात बसलेला हा तरुण पाहुणा आहे, त्याबरोबरच दुसऱ्या एका राष्ट्राचा नागरिकही आहे.

भारतीय घरात

एखाद्या मध्यम शहरातील क्लबचे उदाहरण घेऊ. पथक येणार असे पत्र आले, की सभा बोलावली जाते. कोणाच्या घरी वेगळी खोली आहे, कोणाकडे पाश्चात्य पद्धतीचे शौचकूप आहे, कोणाला इंग्रजी बोलता येते, याची यादी होते. पिण्याचे पाणी उकळून ठेवण्याविषयी सूचना निघतात. ठरलेल्या दिवशी रेल्वे स्थानकावर हार-गुच्छ घेऊन मंडळी उभी राहतात. सायंकाळी क्लबच्या सभेत दोन्हीकडच्या क्लबांच्या छोट्या पताका एकमेकांना दिल्या जातात, पाहुणे आपल्या देशाची चित्रे पडद्यावर दाखवितात आणि आभारप्रदर्शन होते. हा भाग सर्वत्र सारखाच असतो. खरा विनिमय त्यानंतर, पाहुणा यजमानाच्या घरी पोहोचल्यावर सुरू होतो.

तेथे पहिला प्रसंग ताटावर घडतो. भारतीय घरात आग्रह हे प्रेमाचे लक्षण आहे. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले, तर ते निदान दोनदा ऐकून न ऐकल्यासारखे करावयाचे असते. ज्याच्या देशात ‘नको’ याचा अर्थ नकोच असा होतो, तो पाहुणा संकटात सापडतो. ताटात वाढलेले टाकणे त्याला असभ्य वाटते, म्हणून तो संपवितो. संपविले, की यजमानीण पुन्हा वाढते. गुजरातमधील शाकाहारी घरात उतरलेल्या युरोपीय पाहुण्याला पहिल्या दिवशी जेवणात काहीतरी राहून गेले असे वाटते. चौथ्या दिवशी मात्र डाळीचे इतके प्रकार असू शकतात याचेच तो आश्चर्य करू लागतो. त्या राज्यात दारूबंदी आहे, हे समजल्यावर जेवणाबरोबरचा मद्याचा पेला आपल्या देशात केवळ सवयीचा भाग होता काय, असा विचारही त्याच्या मनात येऊ शकतो.

दुसरा प्रसंग एकांताचा. आपल्या घरात पाहुण्याला एकटे सोडणे म्हणजे त्याची हेळसांड करणे. त्यामुळे शेजारी येतात, मुले खोलीत येऊन बसतात, वडीलमाणसे पगार आणि लग्न यांविषयी मोकळेपणाने विचारतात. पाहुण्याने थकून दार लावून घेतले, तर घरात कुजबुज सुरू होते की, आपले काही चुकले काय? वस्तुतः कोणाचेच चुकलेले नसते. एका समाजात सोबत हा आदर असतो आणि दुसऱ्यात एकांत हा आदर असतो. दोघेही आपल्या परीने आदरच दाखवीत असतात, हे एकदा ध्यानात आले म्हणजे अर्धे काम झाले.

तिसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. जेवण झाल्यावर पाहुणा आपली थाळी उचलून मोरीकडे नेतो आणि तेथे भांडी घासणाऱ्या बाईला नमस्कार करून तिचे नाव विचारतो. घरातील मंडळी ओशाळतात. पाहुण्याने काम केले म्हणून ती ओशाळतात, असे त्यांना वाटते. पण थोडा विचार केला, तर कारण निराळेही असू शकते. ती बाई कित्येक वर्षे त्या घरी येत असते आणि तिचे आडनाव घरात कोणालाच ठाऊक नसते. पाहुण्याने काही उपदेश केलेला नसतो. त्याच्या साध्या प्रश्नामुळे घराला आपलेच घर क्षणभर वेगळे दिसते. सांस्कृतिक विनिमयाचे मोल अशा क्षणांत आहे.

उलट दिशेनेही असेच घडते. परदेशी गेलेल्या भारतीय पथकातील तरुण तेथील घरात राहतो, तेव्हा गृहस्वामी स्वतः भांडी विसळतो आणि शौचकूपही स्वतःच स्वच्छ करतो, हे तो पाहतो. त्याच घरातील आजी दूरच्या वृद्धाश्रमात असते आणि आठवड्यातून एकदा तिला भेटावयास जातात, हेही त्याला दिसते. परतल्यावर त्याने केवळ पहिली गोष्ट सांगितली तर तो त्या देशाचा भाट होतो. केवळ दुसरी सांगितली तर निंदक होतो. दोन्ही सांगणाराच खरा पाहुणा होय.

काय दाखवावे?

प्रत्येक यजमान क्लबपुढे एक प्रश्न उभा राहतो : पाहुण्याला काय दाखवावयाचे? स्वाभाविक ओढ अशी असते की, नवे रुग्णालय, अभियांत्रिकी महाविद्यालय, साखर कारखाना आणि प्राचीन मंदिर दाखवावे. रस्त्याकडेची झोपडपट्टी आली की मोटारीत कोणीतरी घाईने दुसरा विषय काढतो. काही यजमान याच्या नेमके उलट करतात. क्लबने मदत केलेली दरिद्री वस्ती पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवितात आणि तेथील मुलांना ओळीने उभे करून वह्या वाटतात. पहिल्या प्रकारात दारिद्र्य लपविले जाते, दुसऱ्यात त्याचे प्रदर्शन होते. दोन्हींत ज्यांचे ते दारिद्र्य, त्या माणसांना बोलण्याची संधी मिळत नाही.

यावर उपाय एकच दिसतो. तो म्हणजे कामाच्या निमित्ताने भेट. पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत हे चांगल्या प्रकारे घडले. रोटरीने १९८५ मध्ये या रोगाविरुद्ध जागतिक मोहीम हाती घेतली. पुढे भारतातील राष्ट्रीय लसीकरण दिनांच्या वेळी इंग्लंड, अमेरिका, जपान अशा देशांतील रोटरी सभासद स्वखर्चाने येत आणि दिल्ली व उत्तर प्रदेशातील गल्ल्यांत येथील कार्यकर्त्यांबरोबर मुलांना लशीचे थेंब पाजीत. ज्या गल्लीत पर्यटकाला प्रवेश नव्हता, तेथे त्यांना काम होते; आणि काम असल्यामुळे ते प्रेक्षक नव्हते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे यश मुख्यतः येथील लक्षावधी आरोग्यसेवकांचे आहे. परंतु दूरच्या देशातील माणूस त्यांच्या शेजारी उभा राहिला, हेही खरे आहे.

मर्यादांचा विचार

या पद्धतीचे गुणगान करणे सोपे आहे. पण तिच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही.

पहिली मर्यादा वर्गाची. यजमान होण्यासाठी वेगळी खोली आणि इंग्रजीचा सराव लागतो. म्हणून परदेशी पाहुण्याला दिसणारे ‘भारतीय घर’ हे बहुधा डॉक्टरांचे, वकिलांचे किंवा व्यापाऱ्यांचे घर असते. शेतमजुराच्या घरी तो चहा घेतो, मुक्काम करीत नाही. पाहुण्याने पाहिले ते खोटे नसते, परंतु तो संपूर्ण भारत नसतो.

दुसरी मर्यादा अधिक बोचणारी आहे. पाहुण्यांचे आतिथ्य प्रत्यक्षात कोण करीत असे? पाणी उकळणारी, पथ्य सांभाळणारी, पहाटे उठून डबा भरणारी ती गृहिणी. परंतु रोटरी क्लबचे सभासदत्व दीर्घकाळ केवळ पुरुषांनाच खुले होते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबने स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा त्या क्लबची मान्यता काढून घेण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८९ मध्ये संघटनेने आपल्या नियमांतील ही अट सर्व देशांसाठी रद्द केली. म्हणजे ज्या हातांनी इतकी वर्षे परदेशी पाहुण्यांना जेवू घातले, त्या हातांना क्लबच्या सभेत मत देण्यासाठी वर करण्याचा अधिकार नव्हता. जगाशी मैत्री करू पाहणाऱ्या संस्थेला आपल्या घरातील विषमता दिसण्यास ८४ वर्षे लागली.

तिसरी मर्यादा इतिहासाने दाखविली आहे. जर्मनीतील म्यूनिक येथील क्लबच्या संस्थापक सभासदांत विख्यात कादंबरीकार टोमास मान होते. १९२९ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच, एप्रिल महिन्यात, त्या क्लबने त्यांना सभासदांच्या यादीतून वगळले. अन्य क्लबांतूनही ज्यू सभासद दूर झाले. इतकी किंमत देऊनही क्लब टिकले नाहीत; १९३७ मध्ये जर्मनीतील रोटरी विसर्जित झाली. यातील धडा स्पष्ट आहे. सहभोजने, पताका आणि पाहुणचार यांनी स्नेह निर्माण होतो, परंतु केवळ तेवढ्याने धैर्य निर्माण होत नाही. दूरच्या पाहुण्याचे स्वागत करणे सोपे असते, कारण तो चार दिवसांनी जाणार असतो. खरी कसोटी आपल्याच टेबलाजवळ बसणाऱ्या, परंतु ज्याच्याविरुद्ध वारे फिरले आहे, अशा शेजाऱ्याच्या बाबतीत लागते.

तरीही दार उघडे असावे

मग या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासातून देता येईल. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू भारतात आला, नालंदेला राहून शिकला आणि ६४५ मध्ये मायदेशी परतला. येथील विहारांनी त्याला आश्रय दिला, तेव्हा त्याच्या लिखाणातून पुढे आपलाच इतिहास आपल्याला कळेल, अशी कल्पना कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. परंतु तसेच घडले. त्या काळातील नगरे, रस्ते आणि विद्यापीठे यांचा शोध घेताना संशोधकांना त्या पाहुण्याच्या वृत्तान्ताचा आधार घ्यावा लागला. पाहुणा आपल्याकडून काही घेऊन जातो, त्याप्रमाणे आपण काय होतो याची आठवणही जपून ठेवतो.

गट अभ्यास विनिमयाचा कार्यक्रम २०१३ मध्ये संपला असला, तरी व्यावसायिक प्रशिक्षणाची पथके, स्वखर्चाने होणाऱ्या मैत्रीभेटी आणि विद्यार्थ्यांचा विनिमय या रूपांनी ही परंपरा चालू आहे. २०२० मधील महासाथीने सर्व प्रवास थांबले आणि भेटी पडद्यावरून होऊ लागल्या. पडद्यावर संभाषण उत्तम होते, परंतु तेथे कोणी आग्रह करून वाढीत नाही, पाहुण्याचे पोट बिघडत नाही आणि त्याची थाळी मोरीपर्यंत जात नाही. ज्या अडचणींतून माणसे परस्परांना समजतात, त्या अडचणीच तेथे नसतात.

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देवासमान मानावयास सांगितले आहे, आणि हे वचन आपण पाहुण्यांपुढे अभिमानाने उच्चारतो. त्याचा अर्थ पाहुण्याला सुखात ठेवावे एवढाच घेतला, तर एखादे चांगले हॉटेलही ते काम करील. देवासमोर माणूस आपले काही लपवू शकत नाही, असाही एक अर्थ त्यातून काढता येईल. परदेशचा पाहुणा घरी येतो, तेव्हा घरातील चांगले आणि उणे त्याच्याबरोबर यजमानालाही दिसू लागते. पाहुणा निघून गेल्यावर त्या घरातील कोणी भांडी घासणाऱ्या बाईला तिचे पूर्ण नाव विचारले असेल, तर तो विनिमय सफल झाला असे म्हणावयास हरकत नाही.